तलावातील माशांचे स्थलांतर आणि आपले कर्तव्य

मृगाच्या सरी कोसळून ओढ्यांना गढूळ पाणी आले की तलावातील व नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. त्याच रात्री गावोगावची मंडळी बत्त्या, जाळी, काठ्या व कोयते घेऊन ओढ्यात उतरतात आणि हाती लागेल तो मासा मारतात. या प्रथेचा शेतकरी बंधूंनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी नव्याने विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्यापूर्वी मासा ऋतूप्रमाणे आपली जागा का बदलतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मासा हा थंड रक्ताचा प्राणी होय. पाणी जितके उष्ण वा थंड, तितकेच त्याचे शरीर उष्ण वा थंड असते. म्हणून सोसवेल असे तापमान, पुरेसा प्राणवायू, अन्न आणि पिलांसाठी सुरक्षित जागा या चार गोष्टींच्या शोधात तो फिरत असतो. उत्तर अमेरिकेतील तलावांत आढळणाऱ्या मोठ्या तोंडाच्या बास माशाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हिवाळ्यात तेथील तलावांवर बर्फ जमते. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असल्यामुळे त्या मानाने उबदार पाणी तळाशी राहते. बास तेथे जातो व फारच थोडे खातो. वसंतात काठाचे पाणी १५ ते २० अंशांपर्यंत तापले की नर उथळ जागी येतो, शेपटीने तळ झाडून वाटीसारखे घरटे करतो आणि अंड्यांची व पिलांची राखण करतो. उन्हाळ्यात खोल तलावात वरचे उष्ण व खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाशी कुजणाऱ्या पदार्थांमुळे तेथील प्राणवायू कमी होतो. त्यामुळे तळ थंड असूनही बास तेथे राहू शकत नाही. तो पाणवनस्पतींच्या कडेला सावली शोधतो. पुढे शरद ऋतूत वरचे पाणी निवते, वाऱ्याने तलाव ढवळला जातो, आणि लहान मासे काठाकडे आले की त्यांच्यामागे बासही येतो.

आपल्याकडे बर्फ नाही आणि पाण्याच्या तापमानात ऋतूंनुसार इतका मोठा फरकही पडत नाही. आपल्या माशांना हलविणारी मुख्य शक्ती म्हणजे पाऊस. रोहू, कटला व मृगळ यांच्या माद्या साचलेल्या पाण्यातही अंड्यांनी भरतात. परंतु तेथे अंडी घालीत नाहीत. या अडचणीवर १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी मार्ग काढला. माशाच्या पोषग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या जातींचे प्रजनन घडवून आणले. बंगालमधील बांकुरा व मिदनापूर भागांत मात्र पावसाचे नवे पाणी बांधांत वाहत आले की हेच मासे तेथे आपोआप अंडी घालतात. यावरून उघड होते की मादी पंचांगाची नव्हे, तर नव्या वाहत्या पाण्याची वाट पाहते. मृग लागला म्हणून मासा चढत नाही. पाणी आले म्हणून चढतो. पाऊस लांबला तर चढणही लांबते.

पुराने नुकत्याच बुडालेल्या उथळ गवताळ जमिनीत पिलांना सूक्ष्म अन्न विपुल मिळते. रोहूची अंडी तर एका दिवसाच्या आतच फुटतात. हे सारे साधण्यासाठी मासा ओढा चढतो. म्हणजे त्या रात्री आपण जो मासा मारतो, तो बहुधा अंड्यांनी भरलेला असतो. रोहूच्या मादीच्या एक किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी असतात. त्यांतील फारच थोडी जगतात हे खरे. पण म्हणूनच निसर्गाने ती इतकी दिलेली आहेत. पेरणीच्या दिवशी बियाण्याचे पोते दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, उन्हाळाभर कोरडे खाल्लेल्या गरिबाच्या घरी हेच दिवस ताज्या मासळीचे असतात. हा आक्षेप खरा आहे व तो तुच्छ लेखता येणार नाही. परंतु हीच मासळी अंडी घालून पाण्यात परतली, तर ती व तिची पिले दिवाळीनंतर त्याच घराच्या उपयोगी पडतात. दुसरा आक्षेप असा की, मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली मिळतात, मग चढणीच्या माशांची चिंता कशाला? याचे उत्तर असे की, केंद्रांत मुख्यत्वे मोजक्याच जातींचे बीज तयार होते. आपल्या ओढ्यांतील अनेक लहान स्थानिक जातींना चढणीवाचून दुसरा आधार नाही. त्या एकदा नाहीशा झाल्या की पैसे मोजूनही परत मिळणार नाहीत.

तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने व संस्थेने पुढील गोष्टी ठरवाव्यात. ओढ्यास पहिले पाणी आल्यापासून किमान तीन आठवडे चढणीचा मासा मारू नये. ओढा जेथे तलावास मिळतो, तेथे आडवे जाळे लावू नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसापूर्वी वेळेवर काढावेत. उशीर झाल्यास माशांची वाट अडते. सुरुंग वा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविले होते, याची सर्वांना आठवण द्यावी. गावात दोन ओढे असतील तर निदान एक तरी पूर्णपणे राखून ठेवावा.

यास खर्च काहीच नाही. लागतो तो केवळ तीन आठवड्यांचा संयम. गावाने तो एकमताने पाळल्यास त्याचे फळ त्याच तलावात, त्याच गावकऱ्यांच्या जाळ्यात येईल.