आधी जमीन, मग घर

मालदीवमध्ये घर बांधण्याआधी जमीनच बांधावी लागते. देशाची सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही वर नाही. १९८७ मध्ये लाटांचं पाणी राजधानी मालेत शिरलं. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. १९९७ पासून उथळ पाण्यातली वाळू उपसून हुलहुमाले हे सुमारे दोन मीटर उंचीचं बेट रचलं गेलं. मग प्रश्न सुटलाच की, असं कुणी म्हणेल. हजारो कुटुंबं तिथे राहतात, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेता येणार नाही. पण उपशाचा गाळ प्रवाळांवर बसतो, आणि लाटांचा जोर मोडण्याचं काम हे प्रवाळच फुकटात करतात. १९९८ आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्राने ते पांढरेही पडले. म्हणजे पैसे मोजून भिंत बांधायची आणि असलेली भिंत पोखरायची.

पूर्वी इथे प्रवाळाच्याच दगडाचं बांधकाम होई. मालेतली १६५८ ची जुम्मा मशीद त्याची साक्ष आहे. आता सिमेंट, सळया, खडी, सगळं जहाजाने येतं. २०२४-२५ साठी भारताने नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी १० लाख टन मालदीवला निर्यात करायला परवानगी दिली. त्यात खारी हवा: सळई गंजून फुगते, काँक्रीट तडकतं, दुरुस्ती पाठ सोडत नाही. तरीही समुद्रातला भराव थांबवा, असं दाटीने राहणाऱ्या मालेकरांना सांगणं सोपं नाही. मात्र प्रवाळांच्या नुकसानीची किंमत भरावाच्या टेंडरमध्येच धरली, तर कुठलं बेट वाढवायचं आणि कुठलं नाही, याचं उत्तर पुष्कळदा बदलेल.