नकाशात माणसे हवीत

सहावी ते आठवीच्या वर्गांत भूगोल आणि संस्कृती यांची वाटणी ठरून गेली आहे. पाऊस, मृदा, पिके आणि खनिजे भूगोलाच्या तासाला. सण, पेहराव आणि नाच स्नेहसंमेलनाला. जून-जुलैत पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करणारी मुलेच डिसेंबरात फेटे बांधून ढोलाच्या ठेक्यावर धनगरांचे गजीनृत्य करतात. त्या व्याख्येचा आणि त्या नाचाचा काही संबंध आहे का, हा प्रश्न मात्र वर्षभरात कुठल्याच तासाला निघत नाही. ही वाटणी शाळेच्या सोयीची असेल, पण तिच्यामुळे दोन्ही विषय अर्धे शिकवले जातात. प्रदेश शिकवायचा तर तिथल्या माणसांसकट शिकवायला हवा.

या वाटणीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात, आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा पायाचा. आधी अक्षवृत्ते, वारे, पर्वत आणि नद्या पक्क्या होऊ द्या, माणसांचे पुढे बघू, असे अनेक शिक्षक म्हणतात. ज्याला नकाशा वाचता येत नाही तो प्रदेशाबद्दल मोघमच बोलणार, हे खरेच आहे. पण पाया माणसांना वगळून पक्का होतो, हे कुठून आले? महाराष्ट्रात तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार निघतात. आठ वर्षांच्या मुलाने आपला जिल्हा ओळखावा, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. तेच मूल बारा वर्षांचे झाले की त्याच्यासमोर तक्ते येतात: हवामान, वनस्पती, प्राणी, आणि शेवटच्या रकान्यात ‘मानवी जीवन’ या मथळ्याखाली दोन ओळी.

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडच्या माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि टेबलावर एक घोंगडी ठेवावी. हात फिरवला की ती खरखरीत लागते, कारण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. पाऊस कमी, म्हणून शेती बेभरवशाची. माळरान भरपूर, म्हणून मेंढरे. धनगराने मेंढरे कातरायची, सणगराने मागावर घोंगडी विणायची आणि तिला चिंचोक्याची खळ द्यायची. पर्जन्य, गवत, पशुधन, कारागिरी आणि बाजार अशी सगळी साखळी त्या एका वस्तूत सापडते. आता नकाशा उघडायला लावला तर तो कशासाठी उघडायचा, हे मुलाला सांगावे लागत नाही. माण-फलटण भागातले अनेक कळप दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातात. भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला त्याचा मोबदला. पावसाळ्याच्या तोंडाशी कळप पुन्हा घाट चढतात, कारण कोकणातला मुसळधार पाऊस आणि चिखल दख्खनी मेंढीला सोसत नाही. सह्याद्रीच्या दोन बाजूंचे हवामान समजून घ्यायला याहून चांगला धडा कोणता?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. संस्कृती शिकवायला गेले की साचे तयार होतात, म्हणून ती वर्गाबाहेर ठेवलेली बरी, असे म्हटले जाते. साचे तयार होतात, हे मान्यच करायला हवे. टुंड्रा म्हणजे एस्किमो आणि एस्किमो म्हणजे इग्लू, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. पण हा साचा घडला तो संस्कृती सविस्तर शिकवल्यामुळे नव्हे, एका ओळीत गुंडाळल्यामुळे. बर्फाचे इग्लू हा मुख्यतः शिकारीच्या मोसमातला तात्पुरता निवारा होता, आणि तोही आर्क्टिकच्या सर्व भागांत नव्हता. ज्यांना एस्किमो म्हटले गेले ते इन्युइट लोक आज घरांत राहतात, त्यांची मुले शाळेत जातात, आणि 1999 साली कॅनडात नुनावुत हा बहुसंख्य इन्युइट वस्तीचा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात, आणि साचा तिथेच मोडतो.

हवामानच माणसाला घडवते, हा समजही माण आणि आसपासचा माणदेशच खोडून काढतो. त्याच अवर्षणाने काहींना मेंढरांमागे चालायला लावले, तर खानापूर, आटपाडी, माण भागातली असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात शिरून केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत पसरली. पाऊस सारखा असूनही माणसांनी वाटा वेगळ्या निवडल्या. निसर्ग अडचण उभी करतो, पण तिच्यातून कुठे जायचे ते कसब, नातीगोती आणि धाडस यांवर ठरते. हे ज्याला सातवीत कळले, तो दुसऱ्या प्रांतातल्या माणसाकडे एका ओळीच्या चष्म्यातून पाहणार नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा आणि गुणांचा. दहावीला भूगोलाचा लेखी पेपर 40 गुणांचा आणि इतिहास-राज्यशास्त्राचाही 40 गुणांचा. त्यात हे सगळे बसवायचे कुठे? पण यासाठी नवा धडा लागतच नाही. स्थलांतराचा विषय अभ्यासक्रमात आधीपासून आहे. गलाईच्या गावांतल्या मुलांना भारताचा नकाशा-आराखडा द्यावा, मामा-काका जिथे दुकान चालवतात ती शहरे भरायला सांगावी, आणि सूचीत त्या स्थलांतराचे कारण लिहायला लावावे. नकाशा भरण्याचा सरावही होतो आणि धडाही पुरा होतो. एनसीईआरटीने 2024 साली सहावीसाठी भूगोल, इतिहास, संस्कृती, शासनव्यवस्था आणि अर्थजीवन एकाच पुस्तकात आणले. दिशा योग्य आहे. मात्र पाच विषय एका बांधणीत आले म्हणून ते वर्गात एकत्र शिकवले जातीलच असे नाही. ते ठरते प्रश्नपत्रिकेवर, कारण जे विचारले जाते तेच शिकवले जाते.

म्हणून बदलाची सुरुवात तिथूनच व्हावी. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?’ या प्रश्नाऐवजी महाबळेश्वर आणि माण तालुक्यातली दहिवडी यांच्या पावसाचे आकडे आणि जिल्ह्याचा नकाशा द्यावा, आणि विचारावे: दिवाळीनंतर मेंढपाळ कोणत्या दिशेने निघतील, मृगाआधी का परततील, आणि त्याच गावातले दुसरे कुटुंब मेंढ्या न पाळता परराज्यात का गेले असेल? पहिल्या दोन भागांना नकाशा आणि आकड्यांचा आधार घ्यावा लागेल. तिसऱ्या भागाला एकच बरोबर उत्तर नसेल; तिथे मुलाने दिलेली कारणे तपासून गुण द्यावे लागतील, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात या तपासणीचा सराव आधी करून घ्यावा लागेल.