किमान किंमत : लाभ कोणाचा?

ग्राहकाच्या रक्षणासाठी कायदा बहुधा किमतीला वरून मर्यादा घालतो. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत आपणा व्यापाऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे. स्कॉटलंडने मद्याबाबत नेमके उलट केले. अमुक किमतीहून स्वस्त मद्य विकूच नये, असा कायदा तेथील संसदेने २०१२ साली संमत केला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि १ मे २०१८ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

हिशेब सोपा आहे. १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क म्हणजे एक एकक, आणि प्रत्येक एककास किमान ५० पेन्स. सफरचंदाच्या रसापासून केलेल्या साडेसात टक्के तीव्रतेच्या साइडरच्या तीन लिटरच्या बाटलीत साडेबावीस एकके भरतात. म्हणून ती सव्वाअकरा पौंडांखाली विकता येईना. आधीच महाग असलेल्या मद्यास मात्र झळ लागली नाही.

मग करच का वाढवला नाही? कर वाढला तरी मोठी दुकाने तो स्वतः सोसून, गिऱ्हाईक ओढण्यासाठी मद्य स्वस्तच ठेवू शकतात. किमान किंमत ही पळवाट बंद करते.

स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये परिणामांचा अहवाल दिला. कायदा नसता तर जी स्थिती असती, तिच्या तुलनेत विक्री सुमारे ३ टक्क्यांनी आणि केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, असा तिचा अंदाज आहे. मृत्यूंतील मोठी घट गरीब वस्त्यांत दिसली.

परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाढीव रक्कम हा कर नव्हे. ती सरकारी तिजोरीत न जाता विक्रेते व उत्पादक यांच्याकडेच राहते. शिवाय ज्यांना मद्यावाचून राहवत नाही, अशांचे पिणे किंमत वाढल्याने सुटले नाही. त्यांतील काही गरिबांनी अन्नावरचा खर्च कमी केला. त्या घरांत या कायद्याचे मोल उपाशी पोटाने चुकते झाले.

३० सप्टेंबर २०२४ पासून ही किंमत ६५ पेन्स झाली आहे. वाचकहो, आपल्या पेढीवर आपण नफ्याबरोबर त्याचा मार्गही पाहतो. तोच निकष येथे लावला, तर या वाढीव रकमेतील काही वाटा व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे वळणे न्याय्य ठरेल. ज्याच्या खिशातून ती आली, त्याला किंमत थोपवू शकली नाही; उपचार कदाचित थोपवतील.