सॉफ्टवेअर वापरून पाहावे, पण पारखून

नव्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपल्या महाविद्यालयात सरळसरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जे जे नवे निघेल ते ते उतरवून घ्यावे. फुकट तर आहे, बिघडले कुठे? दुसरा तट थोड्या वडीलधाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, टाइप करता येते, छापता येते, मेल धाडता येतो, आणखी हवे काय? नव्याचे नऊ दिवस! प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही तट मान्य नाहीत. नवे वापरून पाहिलेच पाहिजे. मात्र पाहताना ‘यात काय काय करता येते’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘यात घातलेले माझे लिखाण उद्या मला जसेच्या तसे परत मिळेल काय’ हा प्रश्न आधी.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. मराठी आणि कन्नड अशा दोन लिप्यांत निघणारा कोणताही अंक घ्या. वर्षानुवर्षे छापखान्यांतून जे फाँट वापरले गेले, त्यांत आपल्या अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर दिसायचा ‘क’, पण फाइलीत साठवले जायचे एखादे रोमन अक्षर नाही तर चिन्ह. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, की लेखाच्या जागी निव्वळ खिचडी! शिवाय प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. वास्तविक १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतःची जागा मिळालेली होती. पण पेजमेकरसारख्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोडमधल्या आपल्या लिप्या हाताळता येत नव्हत्या, म्हणून जुने फाँटच पुढे चालत राहिले. त्या सॉफ्टवेअरला मी नावे ठेवत नाही. १९९८ साली आलेल्या ‘बरह’ने आणि पुढे ‘नुडी’ने कन्नड लिहिणाऱ्यांची मोठीच सोय केली, आणि कालांतराने दोघांनीही युनिकोडचा रस्ता धरला. काम उत्तम होत होते. केलेले काम दहा वर्षांनी कोण आणि कशात उघडणार, एवढेच कोणी विचारले नाही.

इंटरनेटवरच्या सेवांची कथा याहून वेगळी नाही. एके काळी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल रीडर त्याच्या आदल्या वर्षी १ जुलैला मिटले. वाचायचे लेख साठवून ठेवणारे ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ ला गेले, आणि स्काइप त्याच सालच्या मे महिन्यात. गूगल फोटोज बंद झाले नाही, पण कितीही छायाचित्रे फुकट ठेवण्याची त्याची सवलत १ जून २०२१ पासून संपली. या सेवा वाईट होत्या असे कोण म्हणेल? दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड केले, की मालक केव्हा तरी ‘जागा मोकळी करा’ म्हणणारच. सामान बाहेर काढण्याची सोय आहे की नाही, हे राहायला जातानाच पाहिलेले बरे. गूगलने २०११ पासून ‘टेकआउट’ या नावाने आपला सर्व मजकूर उतरवून घेण्याची व्यवस्था दिली आहे. किती जणांनी ती एकदा तरी वापरून पाहिली असेल?

या कसोटीला उतरणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. लिब्रेऑफिस घ्या. ते फुकट आहे, इंटरनेटवाचून चालते, आणि त्याचा फाइल ठेवण्याचा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असल्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही तो उघडता येतो. पण मला सर्वांत अधिक आवडते ती इन्स्क्रिप्ट कळपाटी, आणि ती काही नवीनही नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मान्य केलेली ही रचना विंडोजमध्ये आयतीच असते. तिची खुबी आपल्यासारख्यांना विशेष कळावी. ‘के’ या कळीवर मराठीत क उमटतो, आणि भाषा बदलून तीच कळ दाबली तर कन्नडमधला क. ‘एच’वर प, ‘एल’वर त, ‘जे’वर र, दोन्हीकडे सारखेच. एकदा बोटांना सवय झाली की दोन भाषांचे टंकलेखन एका कष्टात पदरी पडते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची पद्धत लवकर येते हे खरे. पण तिथे शब्द पुष्कळदा यंत्र निवडते, आपण नव्हे.

आता परीक्षा कशी घ्यावी ते सांगतो. नवे सॉफ्टवेअर हाती आले की प्रबंध त्यात घालू नये. एक पान लिहावे. त्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द असावेत, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असावेत, चारदोन ओळी कन्नड असाव्यात. ते साठवून मित्राच्या फोनवर पाठवावे, आणि भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. मग ‘दऱ्या’ शोधून पाहावे. हा तुटका र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात, आणि शोध फसतो. दहा मिनिटांचे काम आहे, पण जाहिरातीपेक्षा खूप अधिक कळते.

एका बाबतीत मात्र माझा सूर कडक आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘छायाचित्र अमुक केबीच्या आत हवे’ अशी अट असते. मग विद्यार्थी घाईघाईने शोधतात, आणि जी साइट प्रथम सापडेल तिच्यावर गुणपत्रिका, आधार, सही सारे चढवून लहान करून घेतात. ते कागद पुढे कोणाकडे राहतात? छायाचित्र लहान करणे विंडोजच्या साध्या पेंटमध्येही होते. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना चित्रे हलकी करता येतात. घरच्या घरी होणाऱ्या कामासाठी अनोळखी माणसाच्या हाती कागद देऊ नयेत.

आणि एक सूचना संपादक मंडळाला. लेखकांकडून यापुढे युनिकोडमधलाच मजकूर घ्यावा. जुन्या अंकांच्या फाइली उघडोत न उघडोत, छापील प्रती ग्रंथालयात असतील. पानांची छायाचित्रे गूगल ड्राइव्हवर चढवून ती डॉक्समध्ये उघडली, तर मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर ओळखून हाती येतो. कागद जुना असेल तर चुका होतात, तपासायला माणूस लागतो. ज्यांना इंटरनेटवर काही ठेवायचे नसेल त्यांना ‘टेसरॅक्ट’ आहे. २००५ साली खुले झालेले हे सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावरच चालते. मराठी विभागातला एक आणि कन्नड विभागातला एक असे दोन विद्यार्थी शनिवारी दुपारी बसले तर एका अंकाची छायाचित्रे काढून होतील. तपासणीला अर्थात अधिक दिवस लागतील. मराठीची पाने तपासायला मी तयार आहे. कन्नडसाठी कोणी पुढे यावे.