रंगाआधीचे काम

गुढीपाडव्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या परततात आणि बीड जिल्ह्यातल्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्या रांगेत आता आणखी एक गिऱ्हाईक दिसते: आजोबांची जीप किंवा वडिलांचा बी-२७५ ट्रॅक्टर पुन्हा मूळ रूपात उभा करून मागणारे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत १९६३ साली महिंद्रांनी जी ट्रॅक्टर कंपनी उभी केली, तिचा हा ट्रॅक्टर. याचे इंजिन आपले मेकॅनिक सहज बोलते करतात. हार होते ती पत्र्यापुढे.

बीडची हवा कोरडी, गंज म्हणजे कोकणातल्या गाड्यांचा रोग, असा समज आपल्या धंद्यात मुरला आहे. उघड्या पत्र्यापुरता तो खराही आहे. पण इथला गंज आपण गाडीत भरतो त्या मालातून आणि गाडी धुतो त्या पाण्यातून येतो. म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी ट्रॉलीत फुटली की त्यातले क्लोराइड सांध्यात जाऊन बसते. युरिया हवेतला ओलावा ओढतो. वरून खारट बोअरचे पाणी. आणि काळी माती पाणी किती दिवस धरते, हे कापूस लावणाऱ्या माणसाला सांगायला नको. मागच्या मडगार्डची खालची कड जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे साचलेला चिखल बाहेरून वाळून खडखडीत होतो, आतून मात्र दमटच राहतो. बाहेर रंगाला नुसता एक फोड दिसतो. टोकदार स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो जोडलेले दोन पत्रे फुगवून एकमेकांपासून दूर ढकलतो. अशा सांध्यावर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि हे आम्ही स्पष्टच लिहितो.

गंज काढायचा कसा, याचे एक उत्तर आपल्या दाराशी आहे. तेलगाव, पांगरी, गढी या भागांत साखर कारखाने आहेत आणि मळी हा गंज काढण्याचा जुना, जगभर वापरला जाणारा उपाय आहे. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, आणि एक ते तीन आठवडे धीर. ती गंज सोडवते, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही, आणि वायर ब्रश पोचत नाही अशा खाचांतही शिरते. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतकामाचे भाग मात्र त्यात टाकू नका, ती ते खाते. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे, तेव्हा ती रीतसर मार्गानेच घ्या.

संडास धुण्याच्या ॲसिडने दहा मिनिटांत लोखंड पांढरे होते, म्हणून ते अनेकांना आवडते. आम्हाला ते मान्य नाही. त्यातले क्लोराइड फटींत उरते आणि रंगाखाली नव्याने गंज धरतो. कमानपाटे आणि हाय-टेन्साइल बोल्ट त्याने ठिसूळ होऊ शकतात. फॉस्फरिक ॲसिडचे रस्ट कन्व्हर्टर बरे, पण सुटा गंज खरवडून काढल्यावरच. पापुद्र्यावर मारलेले कन्व्हर्टर पापुद्र्यासकट निघते.

ब्लास्टिंगबद्दल जास्त कळकळीने सांगायचे आहे. वाळू सिंदफणेची असो की गोदावरीची, तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. नळी धरणारा पोरगा बहुधा विशीतला असतो आणि तोंडाला रुमाल बांधून उभा असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. गार्नेट किंवा स्टील ग्रिट महाग पडते, पडू द्या.

लोखंड उघडे झाले की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. शेवटची धुलाई गोड्या पाण्याने, मग कॉम्प्रेसरची हवा, मग ऊन. एकट्या रेड ऑक्साइडवर गाडी महिनाभर उभी ठेवू नका, तो पाणी आत घेतो. पुट्टी लावायचीच असेल तर प्रायमरच्या वर. चासीच्या पोकळ भागात जळके ऑइल मारण्याची आपली पद्धत स्वस्त आहे, पण ते धूळ धरते आणि रबरी बुश फुगवते. त्याऐवजी नळीने आत कॅव्हिटी वॅक्स सोडा, आणि त्याआधी पाणी निघायची भोके तारेने मोकळी करा. वेल्डिंगच्या आणि रंगाच्या घाईत ती बुजलेली असतात.

हे सगळे होत नाही, कारण आपण त्याचे पैसेच मागत नाही. दर ठरतो तो डेंटिंग-पेंटिंगचा. गंजाचे काम त्यातच फुकट धरले जाते, आणि मग वेळ तिथेच कापला जातो. यंदा एप्रिल-मे या कोरड्या महिन्यांत जी गाडी घ्याल, तिच्या बिलात गंजाची मजुरी वेगळी लिहा. सांधा बंद करण्याआधी मालकाला बोलावून आतला भाग दाखवा. येणे जमत नसेल तर मोबाइलवर फोटो पाठवा आणि त्याची एक प्रत बिलाला जोडा.