स्वस्त शिक्षण, अरुंद दार

लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क खासगीपेक्षा कितीतरी कमी. तरीही तेथील प्रवेश इतका दुर्लभ का? खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते, जागा मात्र ठरलेल्या असतात. जेथे पैशाची चाळणी नसते, तेथे गुणांची चाळणी बारीक होते. ते गुण मिळविण्यासाठी लातूरच्या शिकवणीवर्गांत पुन्हा पैसाच मोजावा लागतो आणि अहमदपूर परिसरातील शेतमजुराचे लेकरू वाटेतच मागे पडते. ज्ञानाचे दार वंचितांसाठी रुंद व्हावे, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. तोच मार्ग आम्हांस आजही योग्य वाटतो : शासनाने जागा वाढवाव्यात, समाजाने वसतिगृहांतच प्रवेशपरीक्षेची विनामूल्य तयारी करून द्यावी.