पोकलेन आपले, कुलूप कंपनीचे



गेल्या उन्हाळ्यात एका गावच्या शिवारात एक पोकलेन ११ दिवस नुसते उभे होते. दहा-बारा कोरडवाहू शेतकऱ्यांनी वर्गणी करून, वर कर्ज काढून ते जुने विकत घेतले होते. आपली शेततळी खोदायची, नाला खोल करायचा, उरलेले दिवस भाड्याने फिरवायचे, असा हिशेब. मृग तोंडावर आलेला. इंजिन चालू व्हायचे, पण बूम उचलत नव्हता. पडद्यावर एकच ओळ : ‘कम्युनिकेशन एरर’. चार फोन केल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटे पाहिले आणि निकाल दिला : कंट्रोलर गेला, नवा टाका. आकडा लाखाच्या वर. येण्याजाण्याचे बिल वेगळे.

कंट्रोलर गेलाच नव्हता. तालुक्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने साधा मीटर लावून दुपारभरात दोष काढला. पंपाजवळ वायरिंगची जुडी लोखंडी पट्टीला घासून एक तार तुटली होती. वीतभर वायर आणि मजुरी, एवढाच खर्च. पण तोवर तीन शेततळी राहून गेली. पहिला पाऊस नाल्याने वाहून गेला. हप्ता मात्र एक दिवसही थांबला नाही.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. कपाशीचे पान लाल झाले की दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. पण लाल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेने येतो, नत्र कमी पडल्याने येतो, तुडतुड्यांनी येतो, पाणी साचल्यानेही येतो. कारण न पाहता फवारले तर पैसा दुकानात जातो आणि लाल्या शेतात राहतो. पोकलेनच्या पडद्यावरची ती ओळ म्हणजे असेच लाल पान. संवाद तुटला एवढेच ती सांगते. कुठे तुटला, का तुटला, ते शोधावे लागते.

यंत्रातला प्रकार फार अवघड नाही. इंजिन, पंप आणि केबिनमधला पडदा यांना प्रत्येकी एक छोटा संगणक असतो, तोच कंट्रोलर. हे सगळे पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. दवंडी साऱ्या गावाला ऐकू जाते, ज्याचे काम तो कान देतो, तसेच. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. बॉश या जर्मन कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. म्हणजे यात आता कुणाचे गुपित उरलेले नाही.

या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असतो. किल्ली बंद करा, बॅटरी सोडवा आणि दोन तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहम आले तर जोडी बहुधा शाबूत. १२० आले तर एका बाजूची तार तुटली किंवा टोकाचा रेझिस्टन्स गेला. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. मग कंट्रोलरचे सॉकेट एकेक करून काढा. ज्याचे काढल्यावर आकडा सुधारतो, तिथे दोष. टोकाच्या कंट्रोलरच्या पोटातच रेझिस्टन्स असेल तर तो काढल्यावर १२० दिसणारच, हे ध्यानात ठेवा. पुढे बॅटरी जोडून, किल्ली लावून प्रत्येक तार बॉडीशी मोजा. दोन्हीवर अडीच व्होल्टच्या आसपास हवे. एकीवर २४ किंवा शून्य दिसले तर ती कुठेतरी सप्लायला किंवा बॉडीला लागली आहे.

त्याही आधी बॅटरीचा दाब, फ्यूज आणि अर्थिंग पाहा. जुन्या यंत्रात सॉकेटमध्ये पाणी शिरते, अर्थ गंजतो, उंदीर वायर कुरतडतात, फायनान्सवाल्याने जीपीएस बसवताना वायरिंग सोललेले असते. आणि एक चूक आपली : बॅटरी न सोडवता बकेटला वेल्डिंग मारायचे. त्याने चांगला कंट्रोलर खरोखर जळतो.

आता मुद्द्याचे. मीटर आपल्याला दारापर्यंत नेतो, पुढे कुलूप आहे. कंट्रोलर खरोखरच गेला असेल, तर नव्यात कंपनीचा प्रोग्राम भरल्याशिवाय बहुतेक यंत्रे चालत नाहीत. तो प्रोग्राम कंपनीच्या लॅपटॉपात. वायरिंगचा नकाशा आणि फॉल्ट कोडची वहीही तिच्याच कपाटात. यंत्राची किंमत आपण मोजली, सातबाऱ्यावर बोजा आपला चढला, मग यंत्राच्या दुखण्याची माहिती परक्याची कशी?

कंपन्या म्हणतात, माहिती मोकळी केली तर लोक सुरक्षेच्या आणि धुराच्या सेटिंगशी खेळतील. ज्या सेटिंगला हात लागू नये, तिला खुशाल वेगळे कुलूप लावा. आम्ही मागतो ते कोड वाचण्याचे, नकाशा पाहण्याचे आणि नवा भाग चालू करण्याचे साधन. ते रास्त भावात द्या.

ही मागणी आकाशातून पडलेली नाही. स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न दिल्याबद्दल. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण तत्त्व मांडले गेले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात शेतकऱ्याला शेतीयंत्र स्वतः दुरुस्त करता यावे म्हणून केलेला कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कामात शेतीची यंत्रे घेतली, डिसेंबरात पोर्टलही काढले. पोर्टलने कुलूप निघत नसते. त्याला कायद्याचे बंधन लागते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे हे ठराव ठेवतो.

१) नव्या-जुन्या प्रत्येक यंत्राबरोबर वायरिंगचा नकाशा आणि फॉल्ट कोडची वही मराठीत मिळावी.

२) दोष शोधण्याचे साधन आणि प्रोग्राम मालकाला व त्याच्या मेकॅनिकला रास्त किमतीत मिळावा.

३) शेततळे खोदणारे पोकलेन दुरुस्तीच्या हक्कापुरते शेतीचे यंत्र धरावे.

४) प्रत्येक तालुक्यात आपल्यातल्या दोन पोरांना मीटर धरायला शिकवावे. यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि तोवर एवढे करा. कंट्रोलर गेला असे कुणी म्हणाले, तर सहीआधी विचारा : मीटर लावला का? आकडा किती आला? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.